डिस्काउंटमधली ८ टीबी एक्स्टर्नल हार्डडिस्क खोलून पीसीत बसवायची आहे. कोणती घ्यावी, काय बघावं?

नववी_गल्ली (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. स्टुडिओच्या पीसीत ८ टीबी जागा वाढवायची आहे. एडिटिंग एसएसडीवर होतं. काम संपलं की लग्नाचे व्हिडिओ आणि रॉ फोटो मोठ्या डिस्कवर टाकून द्यायचे, एवढाच तिचा उपयोग.

सेलमध्ये ८ टीबीची डेस्कटॉप एक्स्टर्नल (वेगळा अडॅप्टर असलेली) दिसतेय. तेवढ्याच इंटर्नल नॅस (नेटवर्क स्टोरेजसाठीच्या) डिस्कपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने स्वस्त आहे. आतली डिस्क काढून कॅबिनेटमध्ये लावता येते म्हणतात, ते खरं का? सगळ्याच कंपन्यांचं जमतं का? त्यापेक्षा ५ टीबीच्या छोट्या पोर्टेबल दोन घेतल्या तर? आत बसवल्यावर स्पीड वाढेल का?

पीसी: विंडोज ११, मदरबोर्डवर डिस्क जोडायचे ४ साटा पोर्ट (२ रिकामे), एक एम.२ एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). बिल जीएसटीचं लागतं. दुकानदार म्हणतो वॉरंटी जाईल, उगाच नाद करू नका.

---

साटा_आणि_रस्सा

स्पीडचं आधी सांगतो, कारण त्या आशेनं खोलणार असाल तर थांबा. ३.५ इंची (डेस्कटॉप एक्स्टर्नलमधली) डिस्क स्वतः १५० ते २२० एमबी प्रति सेकंद देते. यूएसबी ३ चा पोर्ट त्याहून जास्त वाहून नेतो, त्यामुळे बाहेर राहिली काय आणि आत गेली काय, कॉपीला वेळ तेवढाच. आत्ता ३५-४० एमबीवर रांगत असेल तर ती काळ्या यूएसबी २ पोर्टात खोचलेली असते. आत बसवून फायदा होतो तो वेगळा: पुढच्या पंख्याची हवा लागते, टेबलावरचा एक अडॅप्टर कमी होतो आणि कॉपी चालू असताना धक्का लागून वायर निसटत नाही.

आता २.५ इंची, म्हणजे छोट्या पोर्टेबल. दोन ५ टीबीचा विचार सोडून द्या. डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) पोर्टेबलमध्ये (एलिमेंट्स पोर्टेबल, माय पासपोर्ट) आतल्या डिस्कला साटा पोर्टच नसतो, यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डावर झाळलेलं असतं. खोललीत तर हातात बिनखोक्याची यूएसबी डिस्क येईल, बाकी काही नाही. तोशिबाच्या बऱ्याच पोर्टेबलचं तेच. सीगेटच्या पोर्टेबलमध्ये साटा डिस्क आणि सुटा छोटा बोर्ड असतो, ती निघते. पण ४ आणि ५ टीबीची डिस्क १५ मिमी जाड असते, लॅपटॉपमध्ये ७ किंवा ९.५ मिमीची जागा. डेस्कटॉपमध्ये ब्रॅकेट लावून बसेल, पण ती एसएमआर आहे.

एसएमआर म्हणजे डिस्कवरचे ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवून लिहिलेले. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उचलून पुन्हा रचावी लागते. त्यामुळे रिकाम्या डिस्कवर सुरुवातीला कॉपी झकास पळते, आतली राखीव जागा भरली की स्पीड १०-२० एमबीपर्यंत कोसळतो आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात, हा प्रकार नसतो.

३.५ इंचीत काय निघतं ते थोडक्यात:

डब्ल्यूडी एलिमेंट्स डेस्कटॉप आणि माय बुक: ८ टीबी आणि वर सहसा सीएमआर, पांढऱ्या लेबलची. २ ते ६ टीबीत एसएमआर निघण्याची शक्यता बरीच.

सीगेट एक्स्पान्शन डेस्कटॉप ८ टीबी: आत बहुतेक एसटी८०००डीएम००४, म्हणजे बाराकुडा, म्हणजे एसएमआर. १६ टीबीसारख्या मोठ्या मापात एक्झॉस (सीगेटच्या सर्व्हरसाठीच्या डिस्क) निघतात, त्या सीएमआर.

पण बाहेरच्या खोक्यावर आतल्या डिस्कचं मॉडेल लिहिलेलं नसतं आणि कंपनी ते कधीही बदलू शकते. स्वस्ताईचं एक कारण तेच आहे. जी डिस्क हाताशी आहे ती आत घालायची मोकळीक त्यांना असते, आणि वॉरंटीही सहसा वरच्या दर्जाच्या इंटर्नलपेक्षा कमी असते.

तुमचा उपयोग "एकदा लिहिलं, मग फक्त वाचायचं" असा आहे, तेव्हा एकट्या डिस्कसाठी एसएमआरही चालेल. एकदम ३ टीबी ओतलं तर रात्रभर लागेल, एवढंच. उद्या नॅस घेऊन तीच डिस्क RAID मध्ये (अनेक डिस्क जोडून एक म्हणून चालवणं) घालायचा विचार असेल तर एसएमआर अजिबात नको. एक डिस्क बदलून पुन्हा भरायला लागली की सलग लिहावं लागतं, एसएमआर डिस्क मधेच उत्तर द्यायची थांबते आणि कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. २०२० मध्ये नॅससाठीच्या डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबी मॉडेलमध्ये न सांगता एसएमआर घातल्यावरून जो गदारोळ झाला तो नेमका हाच.

उलट बाजूही लक्षात घ्या. दुकानात जाऊन नुसतं "इंटर्नल ८ टीबी द्या" म्हटलंत आणि बाराकुडा हातात आली, तर तीही एसएमआरच. नॅससाठीची म्हणून विकतात ती आयर्नवुल्फ, रेड प्लस किंवा तोशिबा एन३०० घेतलीत तर सीएमआर.

---

उद्यमनगर_टर्नर

भावा, वरच्यांनी निवडीचं सांगितलंय. मी खोलायचं सांगतो, त्यात लोक दोनच ठिकाणी माती खातात: खटके तोडतात आणि करंटच्या पिनवर अडकतात.

खोलायच्या आधी ती यूएसबीवरच लाव आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) उघड. बहुतेक डेस्कटॉप एक्स्टर्नलचं आतल्या डिस्कचं मॉडेल, किती तास चालली, तापमान, सगळं तिथं दिसतं. म्हणजे फोडल्याशिवाय कळतं आत काय आहे. नको ती निघाली तर खोकं जसंच्या तसं परत.

एलिमेंट्स आणि माय बुकला बाहेरून एकही स्क्रू नाही. वरचं कवच आतल्या ट्रेवर सरकवून बसवलेलं असतं, आणि जोडाच्या फटीत चार खटके, दोन एका अंगाला, दोन समोरच्या. स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, प्लास्टिक चेपतं आणि खटका मोडतो. जुनी एटीएम कार्डं किंवा रिचार्जची कार्डं घे, चार लागतील. एकेका खटक्यावर एक कार्ड सरकवून तिथंच ठेवायचं. चारही आत गेली की मागच्या बाजूनं, जिथं यूएसबीचं भोक आहे, तिथून ट्रे अंगठ्यानं ढकल. सरकत नसेल तर एखादं कार्ड खटक्याच्या शेजारी गेलंय. जोर लावू नको, कार्ड हलवून बघ.

ट्रेमधनं डिस्क चार रबरी बुशांवर अडकवलेली असते, ती उचलून निघते. मागं छोटा हिरवा बोर्ड, दोन स्क्रू. स्क्रू काढले की बोर्ड सरळ मागं ओढायचा. वर-खाली हलवला तर डिस्कच्या साटा सॉकेटची प्लास्टिक जीभ मोडते, आणि ती मोडली की विषय हार्ड. रबरी बुश, त्यांचे स्क्रू, बोर्ड, अडॅप्टर सगळं एका पिशवीत घालून डिस्कचा सीरिअल नंबर वर लिहून ठेव.

आता पिनचं. डिस्क कॅबिनेटमध्ये लावली, केबल लावल्या, आणि काहीच नाही. फिरत नाही, हाताला थरथर लागत नाही, बायोसमध्ये दिसत नाही. डिस्क मेलेली नाही. साटाच्या पॉवर सॉकेटला १५ पिना असतात. १ ते ३ वर पूर्वी ३.३ व्होल्ट यायचे, हार्डडिस्क ते वापरतच नव्हत्या. साटाच्या नव्या नियमात तिसरी पिन "डिस्क बंद ठेव" या सिग्नलला दिली. मोठ्या सर्व्हर रूममध्ये अडकलेली डिस्क लांबून बंद-चालू करता यावी म्हणून. डब्ल्यूडीच्या पांढऱ्या लेबलच्या बऱ्याच डिस्क तो नियम पाळतात. तुझा एसएमपीएस जुन्या पद्धतीनं तिथं ३.३ व्होल्ट पाठवतो आणि डिस्क बिचारी हुकूम पाळून बंद बसते. खोक्यातल्या बोर्डावर चालते ती यामुळंच, तो तिथं ३.३ देत नाही.

उपाय तीन:

पहिला, टेप. मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडं पिवळी हीट टेप असते, कॅप्टॉन टेप. तिची ३-४ मिमी रुंद पट्टी कापून डिस्कच्या पॉवर सॉकेटच्या पहिल्या तीन पिनांवर चिकटव. पहिली पिन म्हणजे डेटा सॉकेटच्या बाजूची, तिथनं मोजायचं. नुसती तिसरी झाकली तरी पुरते, पण एवढी बारीक पट्टी कापण्यात वेळ घालवू नको, तीनही ३.३ च्याच आहेत. चौथी झाकली गेली तरी बिघडत नाही, ४ ते ६ अर्थिंगच्या आहेत आणि एखादी कमी झाली तरी डिस्क चालते. काळी इन्सुलेशन टेप वापरू नको. जाड असते, कनेक्टर पूर्ण बसत नाही, आणि उन्हाळ्यात तिचा गोंद पिनांवर उतरतो.

दुसरा, मोलेक्स (एसएमपीएसचं जुनं चार पिनांचं कनेक्टर) ते साटा वायर. मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट आणि दोन काळ्या, ३.३ मुळात नाहीच. पण वायर बघून घे. साटाच्या टोकाला अखंड ओतीव प्लास्टिक असेल तर घेऊ नको. आत वायरी जवळजवळ पडलेल्या असतात, तापून एकमेकींना चिकटतात आणि शॉर्ट होऊन डिस्कसकट जळतात. ज्याच्या मागं झाकण असतं आणि वायरी एकेका खाचेत दाबून बसवलेल्या दिसतात, तसला घे.

तिसरा, एसएमपीएसच्या साटा केबलमधली नारिंगी (३.३ व्होल्टची) वायर कापून टोक बंद करणं. होतं काम, पण एसएमपीएसची वॉरंटी जाते. त्या केबलवर दुसरं काही ३.३ वर चालणारं असेल तर तेही बंद. टेप असताना हे कशाला?

काही नव्या एसएमपीएसमध्ये साटा केबलला ३.३ ची वायरच नसते. मग डिस्क सरळ चालू होते. म्हणून आधी टेपशिवाय लावून बघ, फिरली तर प्रश्न मिटला.

---

नववी_गल्ली

भारी माहिती, दोघांचे आभार. दोन शंका. सध्या माय बुक आणि एलिमेंट्स दोन्ही सेलमध्ये आहेत, किंमत जवळजवळ सारखी. आणि समजा आधी महिनाभर बाहेर वापरून डेटा भरला, मग आत बसवली, तर डेटा तसाच दिसेल का?

---

साटा_आणि_रस्सा

एलिमेंट्स घ्या. माय बुकच्या बोर्डावर एन्क्रिप्शन असतं. पासवर्ड लावला नसला तरी डेटा त्या बोर्डातून जाताना कुलूपबंद होऊन डिस्कवर लिहिला जातो. डिस्क थेट साटावर लावली की विंडोजला नुसता कचरा दिसतो आणि "इनिशिअलाइज करू का" विचारतो. घाबरून हो म्हणू नका, पुन्हा त्याच बोर्डावर लावली की डेटा दिसतो. बोर्ड जळला तर मात्र डेटा अडकला. खोलणार नसाल तरी हे ध्यानात ठेवायला हवं.

एलिमेंट्समध्ये एन्क्रिप्शन नाही. तरीही काही कंपन्यांचे बोर्ड डिस्कचे ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ चे करून दाखवतात, जुन्या एमबीआर पद्धतीच्या पार्टिशनमध्ये २ टीबीच्या पुढं जाता यावं म्हणून. असा बोर्ड काढला की सेक्टरचा हिशेबच बदलतो आणि पार्टिशन सापडत नाही. तेव्हा नियम एकच: खोलायची असेल तर डेटा भरायच्या आधी. भरलेली असेल तर दुसरीकडं कॉपी, मग खोलणं, मग नव्यानं जीपीटी (नव्या पद्धतीचं) पार्टिशन. एमबीआर ठेवलंत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येणार नाही. फॉरमॅटनंतर विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसेल. ती चोरी नाही, कंपनी १००० नं मोजते आणि विंडोज १०२४ नं.

---

कागल_नाका

मी विरुद्ध बाजूनं बोलतो, कारण या धाग्यात सगळे कार्डं घेऊन खटके उघडायला बसलेत.

हा खोलायचा नाद वाढला अमेरिकेत. २०११ च्या थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले, इंटर्नल डिस्कचे भाव चढले. बॅकब्लेझसारख्या ऑनलाइन बॅकअप कंपनीनं दुकानातून एक्स्टर्नल डिस्क गोळा करून, खोलून सर्व्हरमध्ये घातल्या. तिथं आजही सेलमध्ये फरक मोठा पडतो. यूट्यूबवर दिसणारी डब्ल्यूडीची ईझीस्टोअर तर बेस्ट बाय या तिथल्या एका दुकानाचाच माल, इथं शोधत बसू नका. आपल्याकडं मोठ्या डेस्कटॉप एक्स्टर्नल मुळात कमी येतात. सेल नसताना इंटर्नल आणि एक्स्टर्नलचा भाव कधी सारखा, कधी उलटासुद्धा असतो. म्हणून एमआरपीवर किती टक्के सूट लिहिलीय ते बघू नका. किंमत भागिले टीबी करा, इंटर्नल सीएमआरचाही तसाच आकडा काढा. तुमचा तिसऱ्या हिश्श्याचा फरक खरा असेल तर विचार करण्यासारखा आहे. १०-१५ टक्क्यांसाठी मी खोलणार नाही.

का, तर वॉरंटी. अमेरिकन व्हिडिओत सांगतात "खोललं तरी वॉरंटी राहते". ते १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या जोरावर, आणि तो कायदा तिथला. इथं सर्व्हिस सेंटरला अख्खं युनिट द्यावं लागतं, खटके तुटलेलं दिसलं की वाद सुरू. नुसती डिस्क नेली तर तिचा सीरिअल कंपनीच्या यादीत "एक्स्टर्नलचा भाग" म्हणून निघतो. टर्नर यांनी सगळे भाग पिशवीत ठेवायला सांगितलं ते बरोबर, पण तेवढ्यानं क्लेम होईलच असं धरू नका. आयर्नवुल्फ किंवा रेड प्लसला ३ वर्षं, एक्झॉसला ५ वर्षं सरळ वॉरंटी मिळते. परदेशातून मागवलेल्या डिस्कचा तर विषयच सोडा, वॉरंटी देशानुसार बघतात.

जीएसटीचं: डिस्क इंटर्नल असो की एक्स्टर्नल, दर १८ टक्केच. तुमचा नंबर टाकून बिल घेतलंत तर दोन्हींवर क्रेडिट सारखं. तेव्हा ऑनलाइन दर आणि शाहूपुरी-राजारामपुरीतल्या दुकानाचा दर ताडताना दोन्हीकडं जीएसटी धरलाय का तेवढं विचारा. तोंडी सांगितलेला भाव बऱ्याचदा "प्लस जीएसटी" असतो.

आणखी एक मोह: "रिफर्बिश्ड एक्झॉस", "सर्व्हर पुल" (सर्व्हरमधून काढलेल्या जुन्या डिस्क). स्वस्त असतात, पण जानेवारी २०२५ मध्ये युरोपात वापरलेल्या सीगेट डिस्क तासांचे आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) ० तास दिसत होते, पण सीगेटच्या आतल्या फार्म नोंदीत खरे हजारो तास होते. सीगेट घेतली, आतून काढलेली असो की नवी, तर स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरची ७.४ किंवा पुढची आवृत्ती घेऊन फार्म लॉग आणि स्मार्टचे तास जुळवून बघा.

"१६ टीबी पोर्टेबल" म्हणून हजार-दोन हजाराला मिळतं ते तर हातात धरू नका. आत मेमरी कार्ड असतं, खोटं माप दाखवणारं. भरत जाल तशी जुनी फाइल पुसली जाते.

---

उद्यमनगर_टर्नर

कागल नाका यांचं वॉरंटीचं बरोबर आहे. पण स्टुडिओवाल्याचं काम बघता, एक्स्टर्नल घेऊन तशीच बाहेर ठेवली तरी चालेल की. खोलायचंच असं कुठं आहे?

---

साटा_आणि_रस्सा

तोही रस्ता आहे. फक्त खोक्यात पंखा नसतो. सलग लिहिताना डिस्क ५० अंशांच्या वर सहज जाते. कामापुरती जोडायची असेल तर अडचण नाही, चोवीस तास चालू ठेवायची असेल तर आत बरी.

खोला किंवा न खोला, तपासणी परत करायच्या मुदतीत उरकायची. क्रम असा:

खोकं घेतल्यावर सील बघा. खोक्यावरचा सीरिअल, डिस्कच्या तळावरचा सीरिअल आणि क्रिस्टलडिस्कइन्फोतला सीरिअल ताडून बघा. कोणीतरी आतली डिस्क बदलून जुनी घालून परत पाठवलेली असते आणि तीच पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. चालू तास नव्या डिस्कला शून्य किंवा अगदी एक आकडी हवेत.

मग ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींची "रॉ" किंमत बघा, तिन्ही शून्य हव्यात. ०५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे संशयित, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. केबल बदला, डिस्कला शिव्या देऊ नका. हवेऐवजी हेलियम भरलेल्या डब्ल्यूडीत १६ नंबरची ओळ (दशमानात २२) हेलियमची पातळी असते, ती १०० वरच राहायला हवी. सीगेटच्या ०१ आणि ०७ ओळींत करोडोंचे आकडे दिसतात, ते तसेच असतात, घाबरू नका.

एसएमआर ओळखायचा एक मार्गही इथंच सापडतो. डब्ल्यूडीच्या हार्डडिस्कला "ट्रिम" ही सोय उजळलेली दिसली तर ती एसएमआर.

मग पूर्ण डिस्क लिहून काढायची. विंडोजमध्ये फॉरमॅट करताना "क्विक फॉरमॅट"ची खूण काढा, की सगळीकडं शून्य लिहिली जातात. सरासरी १५० एमबीनं ८ टीबीला एका फेरीत साधारण १५ तास लागतात. मधे पीसी झोपू देऊ नका, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद. एक्स्टर्नल खोक्यात असताना समोर टेबलफॅन लावा. अडॅप्टर आणि पीसी दोन्ही यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात महावितरणचा झटका आला की १४ व्या तासाला पुन्हा एकपासून. फॉरमॅटनंतर एच२टेस्टडब्ल्यू चालवलं की लिहिलेलं परत वाचूनही तपासलं जातं, त्यात आणखी दोन फेऱ्यांचा वेळ धरा.

लिनक्सवाले बॅडब्लॉक्सची लिहिण्याची चाचणी करतात. ती चार नमुने लिहून वाचते, म्हणजे आठ फेऱ्या, म्हणजे ८ टीबीला पाच दिवस. ब्लॉक साइज ४०९६ द्या. १८ टीबी आणि वर तो आकडाही पुरत नाही, ८१९२ द्यावा लागतो, नाहीतर सुरूच होत नाही.

शेवटी पुन्हा ०५, सी५, सी६. एकही शून्यावरून हललेला दिसला तर डिस्क परत. "दोनच सेक्टर आहेत" म्हणून ठेवून घ्यायची नाही. नव्या डिस्कला दोन म्हणजे पुढं वाढणारच असं धरून चालायचं.

---

नववी_गल्ली

एलिमेंट्स ८ टीबी घेतली. क्रिस्टलडिस्कइन्फोत मॉडेल डब्ल्यूडी८०ईएमएझेड, तास ०, ०५/सी५/सी६ शून्य, ट्रिम उजळलेलं नाही, हेलियम १००. सीरिअल तिन्ही ठिकाणी एकच. पूर्ण फॉरमॅट लावलाय. बसवताना आणखी काय सांभाळू?

---

उद्यमनगर_टर्नर

सीएमआर आहे, ठेव. हिला बहुतेक टेप लागणार, आधीच कापून ठेव.

बसवताना स्क्रू ६-३२ चे जाड आट्याचे. एसएसडीचे एम३ बारीक आट्याचे घालू नको, सैल बसतात आणि डिस्क थरथरते. मोठ्या मापाच्या बऱ्याच डिस्कला बाजूचं मधलं भोक नसतं आणि तळाची भोकंही जरा सरकलेली असतात. तुझ्या कॅबिनेटचा ट्रे मधल्या भोकात खुंटी घालणारा असेल तर ती खुंटी काढून दोन्ही टोकांचे स्क्रू लाव. एका स्क्रूवर टांगून ठेवू नको. हेलियमच्या डिस्कला हवेचं भोक नसतं. साध्या डिस्कला असतं आणि त्याच्याजवळ "झाकू नका" असं छापलेलं असतं, त्यावर टेप-स्टिकर नको.

एसएमपीएस मॉड्युलर (सुट्या केबलांचा) असेल तर त्याच्याच खोक्यातली केबल. दुसऱ्या कंपनीची केबल बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की बटण दाबल्याबरोबर डिस्क संपली. ४५० वॉट पुरतो. डिस्क सुरू होताना क्षणभर १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, नंतर दहा वॉटच्या आतच.

---

साटा_आणि_रस्सा

मदरबोर्डच्या पुस्तकात एक पान बघा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी घातली की एखादा किंवा दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. टेप लावली, डिस्क फिरतेय, तरी बायोसमध्ये दिसत नाही, तर आधी पोर्ट बदला.

आणि मुख्य गोष्ट: काम झाल्यावर एसएसडीवरून पुसून या एकाच डिस्कवर ठेवणार असाल तर तो बॅकअप नाही, एकुलती एक प्रत आहे. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि शक्यतो दुसऱ्या इमारतीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या सखल गल्ल्यांत पाणी घुसलं होतं. स्टुडिओ उंचावर असला तरी घरची प्रत वरच्या मजल्यावर ठेवा. दुसऱ्या प्रतीसाठी एसएमआर पोर्टेबल चालते, न खोलता.

---

नववी_गल्ली

फॉरमॅट झाला, एच२टेस्टडब्ल्यू बिनचूक, तिन्ही ओळी शून्य. कार्डांनी खटके न तुटता खोललं. टेपशिवाय लावल्यावर फिरली नाही, पहिल्या तीन पिनांवर टेप लावताच बायोसमध्ये आली. सर्वांत खालचा साटा पोर्ट एम.२ मुळं बंद होता, वरचा वापरला. जीपीटी केलं, ७.२७ टीबी दिसतंय, कॉपी चालू असताना तापमान ३९. दुसऱ्या प्रतीसाठी ५ टीबी पोर्टेबल बघतोय, ती खोलणार नाही.

---

कागल_नाका

पिशवीत बिलाची झेरॉक्सही टाका. थर्मल कागदावरचं बिल दोन वर्षांत कोरं होतं.